दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्या शिक्षकाची नेमणूक : कोणते काम आधी, कोणते नंतर

बँकेतून, सॉफ्टवेअर कंपनीतून, लष्करातून किंवा कारखान्यातून बाहेर पडून शाळेत शिकवू इच्छिणाऱ्यांचे अर्ज शाळांकडे येतात. काहींची नेमणूकही होते, आणि त्यातले कित्येक दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत. दर वेळी दोष त्या माणसाचा नसतो. शाळेने कामे उलट्या क्रमाने केलेली असतात. आधी माणूस भेटतो, त्याचा अनुभव ऐकून समिती भारावते, होकार दिला जातो, मग कागदपत्रे मागवली जातात. त्याचे शिकवणे तर रुजू झाल्यावरच पहिल्यांदा दिसते. हा क्रम पूर्ण उलटा करायला हवा.

हा लेख महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचे मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव आणि शाळा समितीचे सदस्य यांच्यासाठी आहे. अनुदानित शाळांची शिक्षकभरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. तिचा मार्ग वेगळा. सीबीएसईच्या शाळांनी टप्पे हेच ठेवावेत, पण त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते म्हणून वेळापत्रक दोन महिने अलीकडे घ्यावे आणि सेवाशर्तींसाठी मंडळाचे संलग्नता नियम पाहावेत.

## टप्पा १ : आधी पद ठरवा

जानेवारीत एका कागदावर लिहा : विषय कोणता, इयत्ता कोणत्या, माध्यम कोणते, आठवड्याला तासिका किती, पद कायम रिक्त आहे की कोणाच्या रजेपुरते. हा कागद तयार होईपर्यंत कोणाही उमेदवाराला भेटू नका, मग तो अध्यक्षांच्या ओळखीचा का असेना.

यानंतर एक प्रश्न विचारायचा, आणि तो बहुतेक शाळा विचारत नाहीत. आपल्याला शिक्षक हवा आहे, की त्या माणसाचे कसब हवे आहे? ही दोन कामे वेगळी आहेत. निवृत्त इंजिनिअरने मुलांकडून छोटी यंत्रे बनवून घ्यावीत असे वाटत असेल, तर त्यांना आठवीचे विज्ञान देण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन दुपार कार्यशाळा घ्या, मानधन द्या, शाळेचा एक शिक्षक सोबत ठेवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कारागीर आणि तज्ज्ञांना मुलांसमोर आणण्याची वाट मोकळी केली आहे. सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची कल्पनाही त्याच धोरणातली. अशा कामाला बी.एड. लागत नाही.

नियमित शिक्षकाचे काम मात्र रोजचे असते : पाठ टाचण (तासिकेआधी लिहायचा पाठाचा आराखडा), वह्या तपासणे, घटक चाचणी, निकालपत्रक, पालकांचे फोन, गैरहजर सहकाऱ्याची तासिका. हे सगळे करण्याची तयारी असलेला माणूस हवा असेल तरच पुढच्या टप्प्याकडे जा.

तारखांचा हिशेबही याच वेळी करा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. सॉफ्टवेअर कंपन्यांत राजीनाम्यानंतर नव्वद दिवस थांबावे लागणे सर्रास आहे. म्हणजे १ जूनला माणूस शाळेत हवा असेल, तर पक्का होकार फेब्रुवारीअखेर हातात पडायला हवा. जाहिरात एप्रिलमध्ये दिली की माणूस ऑगस्टमध्ये येतो, आणि तोवर तिसऱ्याच कोणी अर्धवट शिकवलेला वर्ग त्याच्या पदरी पडतो.

सावधान : ऑगस्टमध्ये येऊ शकणाऱ्या उमेदवारासाठी जून-जुलै ‘कसेतरी भागवू’ असे ठरवू नका. शाळेचा अनुभव नसलेल्या माणसाला वर्ग पहिल्या दिवसापासून हातात मिळाला पाहिजे.

## टप्पा २ : कागदावरची पात्रता, भेटीच्या आधी

‘पंधरा वर्षांचा अनुभव आहे, बी.एड. नसले तरी चालेल’ हे वाक्य समितीच्या बैठकीत हमखास ऐकू येते. शाळेत ते चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उद्योगातल्या अनुभवी लोकांसाठी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली, तिच्यामुळे हा गोंधळ वाढला. ती सोय विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठी आहे. शाळेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने ठरवलेली किमान अर्हता पाळावी लागते.

इयत्तेनुसार थोडक्यात असे पाहा.

पहिली ते पाचवी : किमान ५० टक्क्यांसह बारावी, डी.एल.एड. (जुने डी.एड.), आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण क्षेत्र बदलून येणारे बहुतेक जण बी.एड. करून येतात. २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना या वर्गांसाठी पात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात तो मार्ग बंद केला. आता बी.एड.च्या बळावर चौथीचा वर्ग देता येत नाही.

सहावी ते आठवी : पदवी आणि डी.एल.एड., किंवा किमान ५० टक्क्यांची पदवी आणि बी.एड.; शिवाय टीईटीचा दुसरा पेपर. राज्याची टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी.

नववी-दहावी : शिकवायच्या विषयाला लागू पडणारी पदवी आणि बी.एड.

अकरावी-बारावी : त्या विषयातली किमान ५० टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. यांत्रिकी शाखेचा बी.ई. पदवीधर भौतिकशास्त्र कितीही उत्तम जाणत असला, तरी एम.एस्सी. नसेल तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या पदावर त्याला घेता येत नाही. दहावीपर्यंतचे विज्ञान-गणित शिकवण्याचा रस्ता त्याला खुला आहे. गणित-विज्ञान असलेल्या अभियांत्रिकी पदवीत ५५ टक्के असतील तर बी.एड.ला प्रवेश मिळतो.

टक्केवारीत राखीव प्रवर्गांना सवलती आहेत. त्या मूळ अधिसूचनेत वाचा, तोंडी माहितीवर जाऊ नका. बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याची क्रमवार यादी) लागू होत असेल तर तीही जाहिरातीआधी तपासून घ्या.

वय बघा. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती नियमावली, १९८१ प्रमाणे शिक्षकाचे निवृत्तीचे वय ५८ आहे. साठाव्या वर्षी बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला नियमित पदावर घेता येणार नाही. पन्नासाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याकडे आठ वर्षे आहेत, आणि ती पुरेशी आहेत.

इथे थांबून पाहा : बी.एड.च्या तारखा आणि नोकरीच्या तारखा. नियमित बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे आहे. त्यात अभ्यासक्रमाला किमान ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. इंटर्नशिपच वीस आठवड्यांची असते. उमेदवार २०१९ ते २०२१ हिंजवडीत पूर्णवेळ नोकरीला होता आणि त्याच दोन वर्षांत दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजातून त्याने नियमित बी.एड. केले, असे दोन कागद सांगत असतील, तर त्यातला एक खोटा आहे. अनुभव प्रमाणपत्र आणि बी.एड.ची गुणपत्रिका शेजारी ठेवून महिने जुळवा. मग विचारा : इंटर्नशिप कोणत्या शाळेत केली, कोणता वर्ग होता, कोणता घटक शिकवला? ज्याने खरोखर केली आहे तो न अडखळता सांगतो.

ते कॉलेज उमेदवाराच्या प्रवेशवर्षी एनसीटीईच्या मान्यता यादीत होते का, हेही पाहा.

बी.एड. नसलेला पण मनापासून यायची इच्छा असलेला माणूस भेटला, तर त्याला खोटी आशा दाखवू नका. ‘आधी रुजू व्हा, मग दूरशिक्षणाने बी.एड. करा’ असा सल्ला सहज दिला जातो. इग्नूचे दूरस्थ बी.एड. आधीच अध्यापक प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे, नुसत्या बी.कॉम. किंवा बी.ई.वर तिथे प्रवेश नाही. त्याला सरळ सांगा : राज्य सीईटी कक्षाची बी.एड. प्रवेश परीक्षा द्या, दोन वर्षे द्या, इंटर्नशिपसाठी आमच्या शाळेचा विचार करा. तोवर कार्यशाळेसाठी बोलवत राहा. अशा माणसाशी नाते जपले तर पुढे तो तयार शिक्षक म्हणून येतो.

## टप्पा ३ : जाहिरात आणि पहिला फोन

जाहिरातीत पात्रता नेमकी लिहा. ‘अनुभवींना प्राधान्य’ या दोन शब्दांनी घोळ होतो. शिकवण्याचा अनुभव की कोणताही, ते स्पष्ट करा.

पगार पहिल्या फोनवरच सांगा, आणि हातात पडणारी रक्कम सांगा. ‘योग्यतेनुसार’ म्हणू नका. आयटीतून येणाऱ्याचा पगार निम्म्याच्याही खाली जाणार असेल, तर तो निर्णय एकट्याचा नसतो. घराचे हप्ते असतात, मुलांची फी असते. ‘घरी बोलून चार दिवसांनी कळवा’ असे स्वतःहून म्हणा. तिथे माघार घेणारा माणूस नोव्हेंबरमध्ये वर्ग अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यापेक्षा मुलांच्या दृष्टीने बरा.

आणि पगार वाढवून ओढू नका. बाहेरच्या अनुभवापोटी नवख्याला जास्त वेतन दिले, की स्टाफरूममध्ये बारा वर्षे शिकवणाऱ्या बाईंना ते आठवड्यात कळते. मग त्याला पाठ टाचण कसे लिहायचे हे शिकवायला कोणी पुढे येत नाही.

## टप्पा ४ : शाळेतला एक दिवस आणि दोन पाठ

सगळ्या प्रक्रियेचा कणा हा टप्पा आहे. वेळ कमी असेल तर बाकी कुठेही काटछाट करा, इथे नको.

आधी पूर्ण दिवस. उमेदवाराला परिपाठापासून शेवटच्या घंटेपर्यंत शाळेत बसवा. एका शिक्षकाबरोबर चार-पाच तासिका मागच्या बाकावर, मधल्या सुट्टीत मैदानावर, नंतर स्टाफरूममध्ये वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी. पडताळणी झालेली नसल्याने या दिवसात तो मुलांबरोबर एकटा राहणार नाही, याची जबाबदारी कोणावर आहे ते ठरवून ठेवा. संध्याकाळी विचारा : आज काय पाहिलेत? ‘मुले फार गोड आहेत’ एवढेच उत्तर आले तर समजा की फारसे दिसले नाही. ‘तिसऱ्या रांगेतली मुलगी दिवसभर बोललीच नाही’, ‘दुपारच्या तासिकेला मुले पेंगतात, तेव्हा शिक्षक काय करतात?’ असे काही निघाले, तर पुढे जायला हरकत नाही.

पहिला पाठ. घटक तुम्ही द्या. ‘आवडीचा कोणताही विषय घ्या’ म्हटले की उमेदवार आपले ठेवणीतले भाषण घेऊन येतो. पाठ्यपुस्तकातला घटक, पान क्रमांक, मुलांचे आधी काय झाले आहे आणि तासिका किती मिनिटांची, हे तीन दिवस आधी लिहून द्या. प्रोजेक्टर देऊ नका, खडू-फळा द्या. वर्ग खरा हवा, त्या इयत्तेचा, नेहमीच्या पटाचा. समितीच्या सदस्यांनी खुर्च्यांवर बसून मुलांची भूमिका करण्याचा प्रकार पूर्णपणे बंद करा. त्यातून काहीही कळत नाही.

नववीचा ‘गतीचे नियम’ हा घटक दिला आहे असे समजा. वाहन उद्योगातून आलेले इंजिनिअर ब्रेक आणि टक्कर-चाचण्यांविषयी वीस मिनिटे रंगून सांगतात, वर्ग कान देऊन ऐकतो, समिती खूश होते. तासिका संपल्यावर मुलांना चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहायला सांगा : बलाचे एकक कोणते, जडत्वाचे एक उदाहरण, आणि दुसऱ्या नियमावरचे एक सोपे गणित. चिठ्ठ्या कोऱ्या आल्या तर पाठ झालेला नाही, गप्पा झाल्या. उमेदवाराचा निर्णय या चिठ्ठ्या पाहिल्याशिवाय घेऊ नका.

पाठ चालू असताना या गोष्टी टिपा :

- मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर काय केले? पुढच्या मुलाकडे वळले, की ती चूक कुठून आली ते शोधले?
- किती मुले बोलली, आणि ती पहिल्या दोन बाकांवरचीच होती का?
- फळ्यावर जे उमटले ते वहीत उतरवून घरी वाचले, तर मुलाला समजेल का?
- घंटा झाली तेव्हा पाठ कुठे होता?

मराठी आणि सेमी-इंग्रजी वर्गांसाठी आणखी एक पाहणे आहे. इंग्रजी माध्यमातून शिकून वीस वर्षे कंपनीत काढलेल्या माणसाला त्वरण, संवेग, भाज्य, विभाजक हे पुस्तकातले शब्द सराईत नसतात. ते महिनाभरात शिकता येतात, म्हणून त्यावरून नाकारू नका; पण शिकायची तयारी आहे का ते विचारा.

मग अभिप्राय आणि दुसरा पाठ. पहिल्या पाठानंतर दहा मिनिटे बसून दोनच गोष्टी सांगा. उदाहरणार्थ, ‘फार भरभर बोललात’ आणि ‘मुलांना लिहायला वेळ दिला नाहीत’. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर पुढचा पाठ घ्यायला लावा. माझ्या मते निवड या दुसऱ्या पाठावर करावी. ज्याने कधी शिकवलेले नाही त्याचा पहिला पाठ कच्चा असणारच. काल सांगितलेले आज वर्गात उतरले का, हा प्रश्न आहे. पंधरा-वीस वर्षे दुसऱ्यांना सूचना देणाऱ्याला कोणी सूचना दिलेली कशी लागते, तेही इथेच दिसते. पहिला पाठ छान आणि दुसरा हुबेहूब तसाच, यापेक्षा पहिला अडखळता आणि दुसरा सुधारलेला, हा उमेदवार मी घेईन.

इथे थांबून पाहा : मागच्या चाचणीच्या पाच उत्तरपत्रिका, नावे झाकून, आदर्श उत्तरांसह तपासायला द्या. कोणी अर्ध्या गुणाचीही दया दाखवत नाही, कोणी सगळ्यांना वाटून टाकतो. दोन्ही सुधारता येते, पण आधी माहीत असलेले बरे.

## टप्पा ५ : मुलाखत

आता मुलाखत, आणि तीही अर्ध्या तासाची. ‘शिक्षकी पेशाकडे का वळलात?’ हा प्रश्न वगळा; त्याचे सुंदर उत्तर सगळ्यांकडे तयार असते. त्याऐवजी हे विचारा :

- गेल्या वर्षभरात मुलांबरोबर नेमके कुठे आणि किती काम केलेत? वस्तीतल्या अभ्यासिकेत, ग्रंथालयात, क्रीडा मंडळात, कुठेही.
- जुन्या नोकरीत नवख्या माणसाला कोणते काम शिकवलेत? तो कुठे अडला? मग काय केलेत?
- पगाराचा हा फरक तीन वर्षे कसा सांभाळणार?
- तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या सहकारी बाई तुमचा पाठ पाहून लॉगबुकात शेरे लिहितील. चालेल?

जुन्या नोकरीतला त्रास सांगण्यातच सगळा वेळ गेला, तर त्या माणसाला नोकरी सोडायची आहे हे कळते. शाळेत यायचे आहे हे अजून कळायचे असते.

## टप्पा ६ : पडताळणी

होकार तोंडी असला तरी आदेश देण्याआधी हे पूर्ण करा.

पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी : २०२० च्या पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) नियमांनुसार मुलांच्या नित्य संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ती ठराविक काळाने करणे संस्थेवर बंधनकारक आहे. मोठ्या कंपनीने एकदा केली होती, किंवा माणूस फौजेतला आहे, म्हणून सूट नाही. वेगवेगळ्या शहरांत नोकरी झाली असेल तर आधीच्या पत्त्यांचीही माहिती घ्या.

टीईटी प्रमाणपत्र : सीटीईटीचे डिजिलॉकरवरून उघडून घ्या. राज्य टीईटीच्या २०१९-२० मधल्या गैरव्यवहारानंतर हजारो उमेदवारांचे निकाल रद्द झाले, त्यामुळे नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नका. राज्य परीक्षा परिषदेकडून खात्री करा.

जुनी नोकरी : कंपनीचा मनुष्यबळ विभाग फक्त रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख सांगतो. म्हणून दोन माणसांशी फोनवर बोला, एक त्याचा वरिष्ठ आणि एक त्याच्या हाताखाली काम शिकलेला. दुसऱ्याला विचारा, ‘चुकलात तेव्हा ते काय म्हणायचे?’

कार्यमुक्ती पत्र हातात आल्याशिवाय रुजू करून घेऊ नका.

## टप्पा ७ : नियुक्ती आदेश

१९७७ चा सेवाशर्ती अधिनियम राज्यातल्या खाजगी शाळांना अनुदान असो वा नसो लागू आहे. कायम रिक्त पद भरताना कलम ५ प्रमाणे दोन वर्षांची परिविक्षा, म्हणजे कायम होण्याआधी काम पारखण्याचा काळ, येते. दरवर्षी अकरा महिन्यांचा नवा आदेश काढत राहण्याची रीत या तरतुदीशी जुळत नाही, आणि वाद शाळा न्यायाधिकरणापुढे गेला की शाळेला ती महागात पडते. नियमावलीच्या अनुसूची ‘ड’ मधला आदेशाचा नमुना वापरा. कॉर्पोरेट पद्धतीचे ऑफर लेटर पुरेसे नाही.

रुजू होण्याआधी समोरासमोर बसून तीन गोष्टी समजावून सांगा, कारण बाहेरून आलेल्याला त्या माहीत नसतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, ऑनलाइन क्लासही नाही. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, आणि वर्गासमोर अपमान करणे यातच येते. आणि पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा शंका आली, तर पोलिसांना कळवणे ही त्याची स्वतःची कायदेशीर जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांना सांगितले की सुटलो, असे नाही.

आधीच्या नोकरीची वर्षे शाळेतल्या सेवाज्येष्ठतेत धरली जाणार नाहीत, हेही आत्ताच सांगून टाका. भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते त्याच क्रमांकावर पुढे चालवा.

## टप्पा ८ : पहिले सत्र

नेमणूक झाली की शाळा मोकळी होते, आणि माणूस नेमका इथेच मोडतो.

जूनचे पहिले दहा दिवस मुले यायच्या आधी त्याला शाळेत बोलवा. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, पाठ टाचण, दैनंदिनी, हजेरीपत्रक, आकारिक (शिकताना होणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाच्या नोंदी. एकेक गोष्ट मागच्या वर्षीची भरलेली वही समोर ठेवून दाखवा. कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा देऊन ‘भरून आणा’ म्हणू नका.

कामाचा भार कमी ठेवा. एक विषय, फार तर दोन इयत्ता, आणि बाकीच्यांपेक्षा आठवड्याला सहा-सात तासिका कमी. नवख्याला एका तासिकेच्या तयारीला तासिकेहून जास्त वेळ लागतो. दहावीचा वर्ग पहिल्या वर्षी नको, वर्गशिक्षकपदही पहिल्या सत्रात नको.

सावधान : आयटीतून आलेल्या सरांकडे शाळेची वेबसाइट आणि यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीची) माहिती भरण्याचे काम, बँकेतून आलेल्या मॅडमकडे फीचा हिशेब, फौजेतून आलेल्यांकडे गेटवरची शिस्त. या कामांना ते ‘नाही’ म्हणत नाहीत, कारण इथे त्यांना आत्मविश्वास असतो. परिणामी ज्यासाठी ते आले ते शिकवणेच मागे पडते. पहिले वर्षभर जुन्या नोकरीतले कोणतेही काम त्यांना देऊ नका. हे समितीच्या ठरावात लिहून ठेवा, म्हणजे अध्यक्षांचा फोन आला तरी मुख्याध्यापकांना दाखवता येते.

सोबतीचा शिक्षक त्याच विषयाचा हवा, शक्यतो त्याच मजल्यावरचा. दोघांची आठवड्यातून एक तासिका एकाच वेळी रिकामी ठेवा, आणि ती बदली तासिकेसाठी ओढू नका. मुख्याध्यापकांनी स्वतः सोबती होऊ नये. जो मूल्यमापन करणार आहे त्याच्यापुढे ‘मला हा वर्ग आवरत नाही’ असे कोणी म्हणत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला एक पाठ पाहा, अर्धा तास का होईना. लॉगबुकात एक चांगली गोष्ट आणि एक सुधारणा लिहा, आणि पुढच्या वेळी आधी तीच सुधारणा तपासा. कॉर्पोरेट प्रशिक्षण देणाऱ्यांचे तास खेळीमेळीचे होतात, पण वह्या कोऱ्या राहतात. त्यांच्याकडून रोजचे फळ्यावरचे काम आणि वहीतपासणी आग्रहाने करून घ्या. फौजेतून आलेल्यांच्या वर्गातली शांतता पाहून निर्धास्त होऊ नका. मुले प्रश्न विचारतात का ते बघा.

पहिली घटक चाचणी हा कसोटीचा क्षण. संविधान तक्ता (कोणत्या घटकाला किती गुण, हे दाखवणारा आराखडा) आणि प्रश्नपत्रिका सोबतीच्या शिक्षकासह बनवू द्या. निकाल अपेक्षेपेक्षा खाली येतो, आणि आयुष्यभर आकड्यांत यश मोजलेला माणूस त्या दिवशी खचतो. त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर उत्तरपत्रिका घेऊन बसा : कोणता प्रश्न सगळ्यांना चुकला, तो घटक पुन्हा कसा घेता येईल. हा एक तास दिलात तर पुढची बरीच पडझड टळते.

पालकांपुढे त्याचा जुना हुद्दा मिरवू नका. ‘अमुक कंपनीतले मोठे अधिकारी आता आपल्याकडे शिकवणार’ असा फलक लावला, की जुलैतच पालक त्या फलकाच्या मापाने मोजू लागतात. पहिल्या पालक सभेला सोबतीचा शिक्षक शेजारी बसू द्या.

इथे थांबून पाहा : दिवाळीच्या सुट्टीआधी. ऑक्टोबरमध्ये तासभर काढा आणि थेट विचारा : पुढच्या सत्रात काय बदलले तर काम सोपे होईल? घरी काय म्हणतात? टाचणे थांबली असतील, स्टाफरूममध्ये बोलणे कमी झाले असेल, शनिवारच्या रजा वाढल्या असतील, तर ही भेट सप्टेंबरमध्येच घ्या. जायचेच ठरवले असेल, तर तारीख सत्राच्या शेवटाशी जुळवून घेण्याची विनंती करता येते. सुट्टीनंतर फोन बंद लागण्यापेक्षा हे मुलांसाठी कितीतरी चांगले.

## टप्पा ९ : परिविक्षेच्या नोंदी आणि निर्णय

१९८१ च्या नियमावलीतल्या नियम १५ प्रमाणे परिविक्षेतल्या शिक्षकाच्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. प्रत्येक सत्राला किमान दोन लेखी मूल्यमापने करा. उणिवा असतील तर त्या लिहून द्या, पोच घ्या, आणि सुधारण्यासाठी काय मदत केली तेही त्याच कागदावर नोंदवा. शेवटच्या महिन्यात एकदम भरलेली फाइल न्यायाधिकरणात टिकत नाही, आणि त्या शिक्षकावरही तो अन्यायच असतो.

काम समाधानकारक नसेल तर परिविक्षेच्या काळात एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचे वेतन देऊन सेवा संपवता येते. दोन वर्षे पूर्ण झाली की शिक्षक कायम झाल्याचे मानले जाते, शाळेने पत्र दिले नाही तरी. म्हणून रुजू होण्याच्या दिवशीच कॅलेंडरवर विसाव्या महिन्याची तारीख लिहून ठेवा. त्या महिन्यात शाळा समितीची बैठक लावा, लॉगबुक, मूल्यमापने आणि मुलांच्या वह्या समोर ठेवा, आणि निर्णय ठरावात नोंदवा. कायम करत असाल तर तसे पत्र द्या, त्याची प्रत सेवापुस्तकाला लावा. नसाल तर बाविसाव्या महिन्याच्या आत कारणांसह कळवा, म्हणजे त्यांना नव्या वर्षाच्या भरतीत दुसरीकडे अर्ज करता येईल.